एका बैठकीतले तिघे

इंग्लंडमधल्या 'यार्डबर्ड्स' या रॉक बँडमध्ये गिटारवादकाची बैठक पाच वर्षांत तिघांनी गाजवली : एरिक क्लॅप्टन, जेफ बेक आणि जिमी पेज. त्यांच्यात श्रेष्ठ कोण, हा वाद रसिकांत जुनाच आहे. मला दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. तारुण्याचा बहर ओसरल्यावर कोणाची प्रतिभा फुलत राहिली?

पेज यांनी १९६८ मध्ये 'लेड झेपेलिन' उभारला. १९७२ मध्ये मुंबईच्या वादकांना घेऊन आपलीच गाणी नव्याने मुद्रित करून पाहण्याइतके ते जिज्ञासू होते. पण १९८० मध्ये ड्रमवादक जॉन बॉनम गेले, बँड विसर्जित झाला आणि पेज यांची नवनिर्मिती तुरळक झाली. २०१४-१५ मध्ये त्यांनी जुनी ध्वनिमुद्रणे उजळून पुन्हा प्रकाशित केली. हे काम मोलाचेच; पण ती राखण झाली, पेरणी नव्हे.

क्लॅप्टन ब्लूजशी एकनिष्ठ राहिले. बँड लोकप्रिय गाण्यांकडे झुकताच १९६५ मध्ये ते बाहेर पडले. १९९२ च्या 'अनप्लग्ड'मध्ये त्यांनी विजेची गिटार बाजूला ठेवली आणि १९७० ची धगधगती 'लैला' संथ चालीत गायिली. तिथे वय गाण्याच्या कामी आले. मात्र एरवी त्यांच्या वादनातली पुढची जागा बरेचदा आधीच ओळखता येते.

बेक यांनी ऐन भरात, १९८० च्या दशकात, नखीच टाकून दिली. बोटे, आवाजाची कळ आणि तारांचा ताण बदलणारा दांडा एवढ्यावर त्यांनी गिटारला गळा दिला. १९८९ ची 'व्हेअर वेअर यू' ही रचना बल्गेरियन स्त्रियांच्या समूहगायनातून स्फुरली. २०१० मध्ये त्यांनी पुचिनीच्या ऑपेरातले गीत शब्दांवाचून वाजवले. गीतकार म्हणून ते पेज यांच्या पासंगाला पुरत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. पण १० जानेवारी २०२३ रोजी, ७८ व्या वर्षी निधन होईपर्यंत त्यांचे शिकणे थांबले नव्हते.

माझा कौल म्हणून बेक यांना. हात बसलेली गोष्ट सोडायला धैर्य लागते, आणि आपण श्रोते ते धैर्य सहज खच्ची करतो. मैफलीत कलावंत नवे काही मांडू लागला, की आपण जुन्याचीच फर्माईश करतो. प्रतिभा टिकण्यात कलावंताच्या रियाजाइतकाच आपल्या कानांच्या उदारपणाचाही वाटा असतो.