अशनी आणि लोहचुंबक

अशनी जमवण्याचा छंद लागलेल्यांना पहिला सल्ला मिळतो तो लोहचुंबक लावून पाहण्याचा. या सल्ल्याविषयी आमच्या दोन तक्रारी आहेत.

एक तर ही कसोटी अपुरी आहे. आपल्याकडच्या काळ्या बसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असते. दोऱ्याला टांगलेला चुंबक त्याच्याकडेही ओढला जातो. या हिशेबाने निम्मा सह्याद्री आकाशातून पडलेला ठरायचा! लोह-अशनीसाठी याहून खात्रीची परीक्षा आहे. काप घासून गुळगुळीत करून त्यावर अल्कोहोलमिश्रित नायट्रिक आम्ल फिरवले (अर्थात प्रयोगशाळेतच), की अनेक नमुन्यांत परस्परांना छेदणाऱ्या पट्ट्यांची विडमानश्टेटन नक्षी उमटते. लोह-निकेलचे हे स्फटिक लघुग्रहाच्या पोटात, दहा लाख वर्षांत काही अंश ते काही हजार अंश इतक्या संथपणे निवताना वाढलेले असतात. भट्टीत त्यांची नक्कल होत नाही.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. सहारात सापडलेल्या ‘ब्लॅक ब्यूटी’ या मंगळावरच्या अशनीत सुमारे ४४० कोटी वर्षांपूर्वीचे झिरकॉनचे कण आहेत. मंगळाच्या लोपलेल्या चुंबकीय क्षेत्राची नोंद त्यात मिळेल अशी आशा होती. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र तपासलेल्या तुकड्यांतली नोंद हातचुंबकांनी पुसलेली आढळली. निओडिमियमच्या चुंबकाचा क्षणभर स्पर्शही त्याला पुरतो. तुकडा बाहेरून जसाच्या तसा दिसतो, म्हणून नुकसान कुणाला कळतही नाही.

अतिशय क्षीण क्षेत्र वापरणारे ग्रहणशीलता-मापक हेच काम निर्धोकपणे करते. शाळेत ते नसणारच. तेव्हा संशयित दगड चुंबक न लावता जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागात न्यावा.