चंद्रकलेचा अपराध : ‘पिंजरा’तील खलत्वाची तौलनिक चिकित्सा

व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘पिंजरा’ (1972) या चित्रपटाची चर्चा प्रायः एका आदर्श शिक्षकाच्या अधःपाताची कथा म्हणून होत आली आहे. गुरुजी (श्रीराम लागू) पतनशील नायक आणि तमासगिरीण चंद्रकला (संध्या) त्यांच्या पतनास कारणीभूत झालेली खलनायिका, ही विभागणी मराठी प्रेक्षकाने जवळजवळ निर्विवादपणे स्वीकारली. मात्र चित्रपटातील घटनाक्रम या विभागणीला फारसा आधार देत नाही.

‘पिंजरा’चे मूळ जोसेफ फॉन स्टर्नबर्ग यांच्या ‘द ब्लू एंजल’ (1930) या जर्मन चित्रपटात आणि त्यामागील हाइनरिख मान यांच्या ‘प्रोफेसर उनराट’ (1905) या कादंबरीत शोधले जाते. या तीन संहितांतून खलत्व कसे स्थलांतरित होते, हे पाहण्यासारखे आहे. मान यांच्या कादंबरीत ते खुद्द शिक्षकाच्या ठायी आहे. विद्यार्थ्यांचा छळ करणारा हा हुकूमशहा नोकरी गेल्यावर जुगाराचा अड्डा चालवून साऱ्या नगराला नासवतो. प्रतिष्ठित नागरिकही त्यात आपखुशीने ओढले जातात. स्टर्नबर्गने हा उत्तरार्ध गाळला आणि शिक्षकाला करुण केले. परंतु त्याने लोला-लोलाला खलनायिका केले नाही. प्राध्यापक राठने लग्नाची मागणी घातली तेव्हा ती खदखदून हसते, आणि तरी लग्न करते. तिच्या मनात डाव नाही, सूड नाही; म्हणूनच तिला पश्चात्तापही करावा लागत नाही.

मराठी रूपात मात्र स्त्रीला हेतू मिळाला. गुरुजी फडाला गावाबाहेर काढतात आणि अपमानित चंद्रकला त्यांना फडात आणून उभे करण्याची प्रतिज्ञा करते. येथे पटकथेने नकळत मोठीच गोष्ट केली आहे. लोलाकडे नसलेली एक न्याय्य तक्रार तिने चंद्रकलेला दिली. फड उठवणे म्हणजे ढोलकीवाल्यापासून नाचणारणीपर्यंत साऱ्यांची भाकरी काढून घेणे. गुरुजींची कृती नैतिक म्हणून सादर होते, तिचे आर्थिक परिणाम कोणी मोजत नाही. चंद्रकलेचे प्रत्युत्तर तेवढे कारस्थान ठरते. हेतू आला की उत्तरदायित्व आले, आणि त्यामागोमाग प्रायश्चित्त. ती गुरुजींवर खरे प्रेम करू लागते, तेव्हा ती खल नसल्याचे चित्रपट मान्य करतो. ही मान्यता तिला पदरात पाडून घ्यावी लागते, ती सोसून. आधीच्या तिच्या संतापाला मात्र न्याय मिळत नाही तो नाहीच.

गुरुजी फडात राबू लागतात, तो भाग या दृष्टीने सर्वांत बोलका आहे. फडातील हलकीसलकी कामे करणे आणि साथीला उभे राहणे ही त्यांच्या अधोगतीची परिसीमा म्हणून दाखवली जाते. हीच कामे त्याच फडातील इतर माणसे आयुष्यभर करीत आली आहेत, याकडे कॅमेऱ्याचे लक्ष नाही. लागू यांचा झिजलेला, आतून विझलेला चेहरा इतका प्रभावी आहे, की प्रेक्षकाचेही लक्ष जात नाही.

मग या कथेत खल कोण? एक मृतदेह गुरुजींचा समजून गाव त्यांचा पुतळा उभारते. पुढे जिवंत गुरुजींवर त्यांच्याच खुनाचा आरोप येतो. गावाचा आदर्श मोडू नये म्हणून ते ओळख लपवून फाशी पत्करतात. कथेतील सर्वांत मोठे असत्य अशा रीतीने सज्जनाच्या मौनातून सिद्ध होते, आणि त्याला त्यागाचे नाव मिळते. चंद्रकलेच्या प्रतिज्ञेत निदान फसवणूक स्वतःपाशी तरी नव्हती. पुतळ्याची गरज असलेले गाव हेच ‘पिंजरा’तील खरे दंडसत्तेचे केंद्र होय. मान यांच्या नगराशी त्याचे नाते येथे पुन्हा जुळते. फरक एवढाच, की मान आपल्या नगराची टर उडवतात आणि शांताराम गावापुढे हात जोडतात.

याच दिग्दर्शकाचा प्रभात निर्मित ‘माणूस’ (1939) शेजारी ठेवला की हा हात जोडण्याचा भाव अधिक खुपतो. त्यातील वेश्या मैना (शांता हुबळीकर) पोलीस शिपाई गणपतला खाली ओढत नाही. उलट तोच खचतो. मामाचा खून करून ती तुरुंगात जाते, गणपत सुटकेची वाट दाखवतो तेव्हा ती नाकारते, आणि त्याला त्याच्या कर्तव्याकडे परत पाठवते. तिच्याकडून कोणी पश्चात्तापाची अपेक्षा करीत नाही.

या दोन चित्रपटांमध्ये 33 वर्षे आहेत. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात तमाशावर आलेली बंदी आणि ती उठताना कलावंतांवर लादला गेलेला ‘शुद्धीकरणा’चा आग्रह याच काळातला. खुद्द शांतारामांनी ‘अमर भूपाळी’त (1951) होनाजीला गौरवले, पण तो गौरव शाहिराचा, कवीचा होता. नाचणारणीच्या वाट्याला ‘पिंजरा’त आली ती शुद्धीकरणाचीच अट. ‘पिंजरा’ला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तमासगिरिणीच्या प्रायश्चित्ताची ही कथा दिल्लीतही मान्य झाली.