न्या. पाइक यांचा अहवाल : एक परीक्षण

पहिल्या महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांस शेतीवर बसविण्याच्या ऑस्ट्रेलियांतील सरकारी योजनेचा विचार करितांना न्यायमूर्ति पाइक यांचा १९२९ चा अहवाल बहुधा आधारास घेतात. सुमारें ३७,००० सैनिक जमिनीवर बसले. तोटा, पाइक यांच्या मतें, २ कोटि ३५ लक्ष पौंड. त्याचीं कारणें चार : भांडवलाचा अभाव, अपुरें क्षेत्र, वसाहतकऱ्यांची अपात्रता व मालाच्या भावांची घसरण.

परंतु प्रयोजन पाहिल्यावांचून कागदाचें प्रामाण्य ठरवूं नये. हा तोटा मध्यवर्ती सरकार व घटकराज्यें यांनीं कसा वांटून घ्यावा, या निर्णयासाठीं तो लिहिला गेला. महाग घेतलेली जमीन, डोक्यावर कर्ज आणि उतरलेले भाव अशा स्थितींत ‘अपात्र’ हा शब्द धनकोचा होय. ऋणकोची साक्ष वैयक्तिक दप्तरांतील पत्रांत शोधिली पाहिजे. स्केट्स व ओपनहायमर यांनीं ‘द लास्ट बॅटल’ (२०१६) या ग्रंथांत तीच वाट धरिली, हें योग्य झालें. मूलनिवासी सैनिकांपैकीं बहुतेकांस तर जमीनच मिळाली नाहीं. तोट्याच्या वहींत त्यांची नोंद कोठून येणार?

अहवाल टाकाऊ नव्हे, एकपक्षी आहे. संग्राहकांनीं छापील सरकारी कागदांबरोबर घरगुती पत्रेंहि जतन करावीं, तीं याचसाठीं.