खाण दाराशी, कोळसा पुस्तकात

विद्यापीठांच्या अहवालांत अध्यापन, समाजाशी संपर्क आणि उद्योगांशी सहकार्य अशी तीन वेगळी प्रकरणं असतात. उमरेडला ही तिन्ही एकाच खाणीच्या काठावर भेटतात. तरीही तिथल्या एका वर्गात मी कोळशाचा तुकडा मागितला, तेव्हा तो प्रयोगशाळेत मिळाला नाही. चहाच्या टपरीवरून आणावा लागला.

खाणीचा पैसा शिक्षणात येणं नागपूरला नवं नाही. मँगनीजच्या खाणींचे मालक डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून नागपूर विद्यापीठात १९४२ साली लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी उभी राहिली. (२०२३ पासून ती स्वतंत्र विद्यापीठ आहे.) मोठंच काम ते. पण अशा सहकार्यातून शाळेतल्या शिक्षकाच्या हाती काय येतं, हे सहसा कुणी विचारत नाही.

होशंगाबादला १९७२ साली सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक खेड्यांतल्या शिक्षकांबरोबर प्रयोग करायला बसत. सामंजस्य करारावर सह्या करून हे साधत नाही.

खाणीच्या मातीच्या ढिगांवर काय उगवतं, भोवतालच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात किती खाली जातं, याची वही उमरेडच्या कोणत्याही शाळेला ठेवता येईल. विद्यापीठाने ती तपासावी, खाणीच्या आकड्यांशी ताडून पाहावी आणि शेरे लिहून शाळेला परत पाठवावी.