हेस्केत : कोणते ऐकावे, कोणते सोडावे

हिब्रू भाषा अकादमीने ‘पॉडकास्ट’साठी ‘हेस्केत’ हा शब्द दिला आहे. रोश हशानाच्या थोडे आधी आपण सिनेगॉगमध्ये ‘की तावो’ ही पाराशा वाचतो. तीत मोशे इस्राएल लोकांना कान देऊन ऐकायला बजावतो, तिथला हा शब्द. सबंध तनाखमध्ये तो एकदाच येतो. नाव उत्तम निवडले. पण त्या नावाला शोभतील असे कार्यक्रम किती, हे तपासून पाहावे म्हणून मी वर्षभर वही घेऊन ऐकले. त्याचा हा आढावा.

आधी एक भीती घालवू. ‘सबस्क्राइब’ म्हटले की आपल्या पिढीला वर्गणी आठवते आणि बँकेतून पैसे कापले जातील असे वाटते. या शब्दाने पुष्कळांचा घोटाळा होई. ॲपलने २०२१ मध्ये तो बदलून ‘फॉलो’ केला. फॉलो करायला पैसे पडत नाहीत. पोस्टमन मासिक टाकून जाई, तसा नवा भाग आपोआप फोनवर येतो. मात्र कार्यक्रमांची नावे वहीत लिहून ठेवावीत. गूगलचे पॉडकास्ट ॲप २०२४ मध्ये बंद झाले. कार्यक्रम ॲपच्या मालकीचे नसतात, ते दुसऱ्या ॲपवरही मिळतात. पण त्यासाठी नाव आठवायला हवे.

खरी अडचण निवडीची आहे. ॲपच्या पहिल्या पानावर बहुधा पुष्कळांना आवडलेले दिसते, आपल्याला आवडेल ते नव्हे. ‘इतिहास’ असा मोठा शब्द घातला की ढीग पुढे येतो. नेमके विचारावे : ‘अलिबाग’, ‘नाट्यसंगीत’, एखाद्या गायकाचे नाव. देवनागरीत आणि हिब्रूत दोन्हीकडे लिहून पाहावे. उत्तरे वेगळी मिळतात. पहिल्या भागावरून कार्यक्रम टाकून देऊ नये. मी तीन भाग ऐकून ठरवते.

माझ्या वहीत टिकलेले तीन. ‘कान’ या सार्वजनिक वाहिनीचे ‘शीर एखाद’ एका भागात एकाच गाण्याची कथा सांगते. ज्यांचा त्या गाण्याशी संबंध आला ती माणसे स्वतः बोलतात आणि निवेदक मधे लुडबुड करीत नाही. गाय शारेत यांचे ‘स्ट्रीटवाइज हिब्रू’ एखादा शब्द घेऊन त्याचे मूळ आणि रस्त्यावरचा वापर उलगडते. शिक्षिका म्हणून मला त्याची शिस्त आवडते. पण समजावणे इंग्रजीत असते, त्यामुळे मराठी शाळेत शिकलेल्यांना ते जड जाईल. बीबीसी मराठीची ‘सोपी गोष्ट’ नावाप्रमाणे सोपी आहे. एकच प्रश्न घेते आणि तो सोडत नाही.

गळलेले बरेच. मराठीतले पुष्कळसे कार्यक्रम म्हणजे नुसत्या गप्पा. दीड तास पाहुण्याची स्तुती, अर्धे वाक्य इंग्रजीत आणि प्रश्नाचे उत्तर येण्याआधी दुसरा प्रश्न. ज्याने तयारी केली नाही त्याने श्रोत्याचा वेळ का घ्यावा?

शेवटी मी ‘बेने इस्राएल’ असे लिहून शोधले. मला मिळाले ते बहुतेक इंग्रजीत, बाहेरच्यांनी सांगितलेले. नवगावजवळ फुटलेले जहाज, सात जोडपी, शनवार तेली, मलिदा. एवढ्यात आपण संपतो. सांगणारे खोटे बोलत नाहीत. पण तेच चार मणी ते पुन्हा ओवतात, आणि त्यात आपल्या कोणाचा आवाज नसतो. घाण्यावर कोणते तेल निघे, मलिद्याच्या ताटात कोणती फळे ठेवीत, सासूबाई कोणते गीत म्हणत, हे विचारायला कोणी येत नाही.

आपल्याला ही विद्या नवीन नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत आपल्या लोकांनी तनाखमधील आख्याने मराठी कीर्तनात रचली. श्रोत्याचे लक्ष मिळवावे लागते, फुकट मिळत नाही, हे कीर्तनकाराला ठाऊक होते. पद, निरूपण, मधेच एखादी हलकी गोष्ट आणि पुन्हा आख्यान : आजच्या चांगल्या हेस्केतची बांधणी याहून फार वेगळी नाही.

ती कीर्तने ऐकलेली माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. नातवंडांना मराठी वाचता येत नाही, पण कानाला ती अजून परकी नाही. म्हणून पुढच्या मलिद्याला जमाल तेव्हा फोन ताटाशेजारी ठेवा आणि घरातल्या सर्वांत वडील माणसाला एकच प्रश्न विचारा. उत्तर संपेपर्यंत मधे बोलू नका. रेकॉर्डिंग साधे असले तरी चालेल, आवाज मात्र आपला असेल.

आणि आपल्याला आवडलेल्या हेस्केतची नावे संपादकांकडे अवश्य कळवा. माझ्या वहीत अजून पाने शिल्लक आहेत.