हकची नरकात जायची तयारी

'व्हेजीटेल्स' ही अमेरिकन कार्टून मालिका तुम्ही पाहिली नसेल तर थोडक्यात ओळख. १९९३मध्ये फिल विशर आणि माइक नॉरॉकी यांनी ती सुरू केली. पात्रं म्हणजे भाज्या. बॉब हा टोमॅटो, लॅरी ही काकडी, आणि हातपाय कुणालाच नाहीत. गोष्ट, धमाल गाणी आणि शेवटी स्वयंपाकघराच्या ओट्यावर बायबलमधलं एखादं वचन, असा साचा. यातले विनोद मोठ्यांनाही हसवतात. ख्रिस्ती बोधपटांत ही मालिका इतरांपेक्षा कितीतरी वर आहे, म्हणूनच तिच्याशी भांडावंसं वाटतं.

माझं भांडण २००८च्या एका भागाशी आहे. त्याचं नाव 'टोमॅटो सॉयर अँड हकलबेरी लॅरीज बिग रिव्हर रेस्क्यू'. मार्क ट्वेनच्या 'हकलबेरी फिन'वर बेतलेला हा भाग मुलांना धडा देतो तो दुसऱ्यांना मदत करण्याचा. मिसिसिपीच्या काठी दोन मित्र मजेत राहतायत. पळत असलेला बिग जिम त्यांना भेटतो. त्याला मदत करायची की आपलं सुख सांभाळायचं? उत्तर तुम्हाला माहीत आहे. मदत करायची, कारण देवाला ते आवडतं.

आता मूळ कादंबरी उघडा. अमेरिकेत ती १८८५मध्ये आली, पण गोष्ट घडते गुलामगिरी कायदेशीर असतानाच्या काळात. जिम गुलाम आहे. त्याची मालकीण मिस वॉटसन हकला प्रार्थना करायला शिकवते, स्वर्ग-नरक समजावते, आणि ८०० डॉलर मिळतायत म्हटल्यावर जिमला दूर दक्षिणेत विकायचा विचार करते. ते कानावर पडल्यावर जिम पळतो. म्हणजे जिमला ज्या घरातून पळावं लागतं, त्याच घरात हकला धर्म शिकवला जातोय.

३१व्या प्रकरणात हकला टोचणी लागते. पळालेल्या गुलामाला साथ देणं म्हणजे त्या बिचाऱ्या बाईची मालमत्ता चोरणं, आणि चोरी हे पाप. म्हणून तो मिस वॉटसनला जिमचा ठावठिकाणा कळवणारं पत्र लिहितो. लिहून झाल्यावर त्याला एकदम धुतल्यासारखं स्वच्छ वाटतं. मग त्याला जिम आठवतो. तराफ्यावरच्या रात्री, हकची झोपमोड होऊ नये म्हणून त्याच्याही वाटणीचा पहारा देणारा जिम. हक पत्र फाडतो. आपण नरकात जाणार याची त्याला खात्री आहे आणि तेही त्याला मंजूर आहे.

इथे मदत करणं हा धर्माचा धडा नाहीच. हकला मिळालेला धर्माचा धडा नेमका उलटा आहे, आणि तो मोडूनच त्याला जिमला वाचवावं लागतं. कार्टूनमध्ये मात्र देव, कायदा आणि मन तिघंही एकाच बाजूला उभे आहेत. मग हकने पणाला काय लावलं? फार तर आरामाचे चार दिवस.

यावर एक रास्त आक्षेप येईल. पाच वर्षांच्या पोराला गुलामगिरी काय समजावणार? पण याच मालिकेने २००७मध्ये 'मो अँड द बिग एक्झिट' हा भाग केला होता. मोझेसची गोष्ट थेट काउबॉयच्या मुलखात नेलेली. त्यात माणसांना सक्तीने राबवलं जातं आणि मो त्यांना सोडवून नेतो. मुलांना ते व्यवस्थित कळतं. म्हणजे गुलामगिरी चालते, फक्त ती फेअरोने लादलेली असावी, बायबल वाचणाऱ्या शेजारणीने नाही. गंमत म्हणजे ट्वेनच्या पहिल्याच प्रकरणात विधवा डग्लस हकला मोझेसचीच गोष्ट वाचून दाखवते. गुलामांना सोडवणाऱ्याची गोष्ट, आणि त्याच घरात जिम गुलाम. कुणाच्या डोक्यात प्रकाश पडत नाही.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. ट्वेनच्या कादंबरीआधी डझनभर वर्षं, १८७३मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अमेरिकेतल्या निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. साखळदंडाबरोबरच पोथीनेही माणूस बांधला जातो, हे त्यांनी दाखवलं. पोथीने हकच्याही डोक्यात तेच पक्कं बसवलंय, फक्त तो मालकांच्या बाजूला जन्मलाय.

पुढे विशर यांनीच एका मुलाखतीत मान्य केलं की आपण मुलांना ख्रिस्ती धर्मापेक्षा चांगलं वागणंच जास्त शिकवत राहिलो. २०२०मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या वंशभेदाच्या इतिहासावर एक व्हिडिओ केला. कायद्यांनी आणि धोरणांनी काळ्या माणसांना कसं मागे ठेवलं, हे त्यात शांतपणे मांडलंय. तो जरूर बघा. बॉब टोमॅटोला ज्यांचा आवाज आहे तेच विशर तिथे बोलतात. असं बोलता येत होतं, याचा तो पुरावाच आहे.

मला सश्रद्ध कार्टूनचा राग नाही. उलट श्रद्धेच्या घरात ही गोष्ट जास्त गरजेची आहे असं मला वाटतं. 'मदत कर' हे मुलांना कुणीही सांगेल. तुला चांगलं म्हणून शिकवलेलं कधी कधी वाईट असू शकतं, आणि सगळे एका बाजूला असताना तुला एकट्याला ते ओळखावं लागेल, हे सांगायला हक फिन लागतो. पर्सिव्हल एव्हरेटने २०२४च्या 'जेम्स' कादंबरीत हीच गोष्ट जिमच्या तोंडून सांगितली, ती मोठ्यांनी वाचावी. लहानांसाठी कार्टून लावायला हरकत नाही. फक्त ते संपल्यावर पोराला विचारा, बिग जिम पळत का होता? आणि खरं उत्तर तुम्ही सांगा.