तारामतीची दोन रूपे : संगीत रंगभूमी आणि बोलपट

'बोलपटाने संगीत नाटक संपविले' हे विधान आपल्याकडे रूढ आहे. मात्र चित्रपटाने रंगभूमीकडून काय स्वीकारले व काय नाकारले, हा प्रश्न त्यामुळे झाकोळतो. दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या मूकपटात तारामती साकारली ती अण्णा साळुंके या पुरुष नटाने. म्हणजे रंगभूमीवरील स्त्रीपार्टाचा संकेत गाण्याविना पडद्यावर आला. प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'त (१९३२) याच कथेतील तारामती दुर्गा खोटे यांनी केली. हरिश्चंद्राची भूमिका आणि संगीत मात्र 'मानापमान'चे (१९११) संगीतकार गोविंदराव टेंबे यांचे होते. बोलपटाने गाणे घेतले, संकेत सोडला. 'धर्मात्मा'त (१९३५) बालगंधर्व एकनाथ झाले. 'साध्वी मीराबाई'त (१९३७) ते पुन्हा स्त्रीवेषात आले, पण तो प्रयोग रुजला नाही. त्याचे कारण केवळ त्यांच्या वयात शोधणे अपुरे ठरेल. नाट्यगृहातील अंतर, प्रेक्षकांची संमती आणि 'वन्समोअर'ची देवघेव यांवर तो संकेत उभा होता. कॅमेऱ्याने अंतर मिटविले, चित्रफितीने देवघेव थांबविली. तेव्हा संगीत नाटकाच्या ऱ्हासाची मीमांसा करताना गाण्याआधी या संमतीचा इतिहास तपासावयास हवा.